फ्रान्सची जांदार्मरी म्हणजे आपली सीआरपीएफ नव्हे

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. फ्रान्समध्ये राष्ट्रीय पोलीस दल असताना जांदार्मरी नावाचं दुसरं दल कशाला? ते आपल्या सीआरपीएफसारखंच आहे का? आणि तसं दल भारतात उभं करता येईल का? तुमच्या क्लासच्या नोट्समध्ये ‘फ्रान्सचं निमलष्करी दल, उदा. आपली सीआरपीएफ’ एवढीच ओळ आहे आणि मुलाखतीत कुणी खोलात शिरलं तर काय बोलायचं ते सुचत नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

मधला प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर चुकलं की बाकीची दोन्ही चुकतात. सीआरपीएफला स्वतःची हद्द नसते. राज्याने मागणी केली की कंपन्या येतात, निवडणूक पार पाडतात, दंगलीत उभ्या राहतात, नक्षलविरोधी मोहीम चालवतात आणि पुढच्या ठिकाणी निघतात. जवानाने आरोपी धरला तरी तो स्थानिक ठाण्याच्या ताब्यात द्यावा लागतो. एफआयआर ठाण्याची, तपास ठाण्याचा, दोषारोपपत्रही ठाण्याचंच. जांदार्मरीचं नेमकं उलट आहे. फ्रान्सच्या सुमारे ९५ टक्के भूभागावर आणि जवळपास निम्म्या लोकसंख्येसाठी ठाणं म्हणजे जांदार्मरीचंच ठाणं. घरफोडी झाली, रस्त्यात अपघात झाला, नवऱ्याने मारलं, म्हातारे वडील घरातून निघून गेले ते परत आले नाहीत, तर तक्रार लिहून घ्यायला टेबलापलीकडे बसलेला माणूस कायद्याने सैनिक असतो. त्याचे हुद्दे लष्करी, शिस्त लष्करी, संपाला बंदीही लष्करातल्यासारखी. काम मात्र आपल्या ठाणे अंमलदाराचं.

आपल्या भाषेत सांगायचं तर एसपींच्या हाताखालचं ग्रामीण जिल्हा पोलीस दल, राज्य राखीव दल म्हणजे एसआरपीएफ, फोर्स वनसारखं कमांडो पथक, डोंगरातलं बचाव पथक आणि थोडे लष्करी पोलीस, असं सगळं एकाच गणवेशात आणि एकाच महासंचालकाखाली. शहरांसाठी वेगळं राष्ट्रीय पोलीस दल आहे. ते मुलकी आहे, आणि त्याची हद्द साधारण आपल्या आयुक्तालयांसारखी.

मी हे पुस्तकावरून कमी आणि माणसांवरून जास्त शिकलो. माझी नोकरी महाराष्ट्र पोलिसांत झाली. सुरुवात राज्य राखीव दलात, नंतर जिल्ह्यात, आणि मध्ये काही काळ संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर कोसोवोत. मित्रोव्हित्सा शहरात इबार नदीच्या एका काठाला सर्ब, दुसऱ्या काठाला अल्बेनियन, आणि मधल्या पुलाच्या आसपास फ्रेंच जांदार्म. शिफ्ट संपल्यावर कॉफी पिताना ते त्यांच्या गावाकडच्या ठाण्यांबद्दल बोलायचे. ढाल-हेल्मेटातली ही माणसं म्हणजेच जांदार्मरी, असं मी तोवर धरून चाललो होतो, जसं तुमच्या नोट्सनी धरलंय. प्रत्यक्षात एकूण सुमारे एक लाखाच्या दलात दंगल काबूसाठी राखलेले फिरते जांदार्म बारा-तेरा हजारांच्या घरात आहेत. बाकी डोलारा गावातल्या ठाण्यांवर उभा आहे.

म्हणून संघटना समजून घ्यायची तर पॅरिसजवळच्या मुख्यालयापासून खाली येऊ नका, ठाण्यापासून वर चढा.

या ठाण्याला तिथे ब्रिगेड म्हणतात. आपल्या लष्करातली हजारोंची ब्रिगेड डोळ्यांसमोर आणू नका. इथली ब्रिगेड म्हणजे अगदी सहा माणसांपासून वीस-तीस, मोठ्या गावात त्याहून जास्त. अशा तीन हजारांवर ब्रिगेड देशभर आहेत. काही स्वतंत्र चालतात. बऱ्याच ठिकाणी २००३ च्या सुमारापासून शेजारच्या दोन-चार ब्रिगेड एका अधिकाऱ्याखाली एकत्र बांधल्या आहेत, म्हणजे दिवसा एका गावात दार उघडं, दुसऱ्या गावात आठवड्यातले काही तासच. रात्री तुम्ही १७ हा क्रमांक फिरवलात तर फोन गावच्या ठाण्यात वाजत नाही. तो जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून सर्वांत जवळची गस्ती गाडी वळवली जाते, मग ती कुठल्याही ब्रिगेडची असो. आपल्या ११२ च्या व्यवस्थेशी याचं बरंच जुळतं.

ब्रिगेडच्या वर कंपनी. तिची हद्द साधारण आपल्या उपविभागाएवढी आणि प्रमुख कॅप्टन किंवा त्याच्या वरच्या हुद्द्याचा. कंपनीकडे दोन गोष्टी असतात, ज्या एकट्या ठाण्याला परवडत नाहीत. एक म्हणजे रात्रगस्त आणि धरपकड करणारं तरुण, चपळ पथक. दुसरं तपास पथक, जे आपल्या स्थानिक गुन्हे शाखेसारखं किचकट गुन्हे हातात घेतं. त्यावर जिल्हा, म्हणजे तिथलं देपार्तमां. प्रमुख बहुधा कर्नल. वाहतुकीचे मोटारसायकलवाले, ठसे आणि नमुने उचलणारे, नियंत्रण कक्ष, हे सगळं या पातळीवर. त्याच्या वर प्रदेश, आणि शेवटी इसी-ले-मुलिनो इथलं महासंचालनालय. खून, अपहरण, संघटित टोळ्या असे मोठे तपास अपिली न्यायालयांच्या हद्दीनुसार नेमलेल्या खास तपास विभागांकडे जातात. त्यांच्या पाठीशी पोंत्वाजची न्यायवैद्यक संस्था. २०१५ मध्ये जर्मनविंग्सचं विमान आल्प्समध्ये मुद्दाम आपटवलं गेलं आणि १५० माणसं गेली, तेव्हा अवशेषांवरून ओळख पटवायचं काम या संस्थेतल्या तज्ज्ञांनी केलं.

ही उतरंड कुठल्याही पोलीस दलाची असू शकते. वेगळेपण आहे ते माणसाच्या दर्जात आणि घरात.

दर्जाचं असं की कायमस्वरूपी भरती झालेला सगळ्यात खालचा जांदार्मसुद्धा लष्करी हिशेबाने शिपाई नसतो. तो कनिष्ठ अधिकारी म्हणून दाखल होतो आणि सुरुवातीपासून तपासात सहायक म्हणून काम करू शकतो. पुढे परीक्षा देऊन तो न्यायिक तपास अधिकारी होतो. कोठडीचा आदेश देणं, पंचनामा, जबाब, झडती, हे त्याच्या सहीने होतं. गावच्या ठाण्यात दहा माणसं असतील तर त्यातली बरीचशी स्वतः गुन्हा तपासू शकतात. आपल्याकडे ठाण्यात साठ माणसं असूनही तपासाच्या फायली चार-पाच टेबलांवरच का साचतात, हे ज्याने पाहिलंय त्याला या एका गोष्टीचं मोल कळेल. कंत्राटी तरुण स्वयंसेवक आणि तीस हजारांहून जास्त राखीव माणसं हाताशी असतात ती वेगळी. राखीव म्हणजे शिक्षक, इलेक्ट्रिशियन, विद्यार्थी; वर्षातले काही दिवस गणवेश घालून गस्तीला येतात.

आता घर. जांदार्म ठाण्यातच राहतो. ठाणं आणि निवास एकाच आवारात, आणि बायको-मुलांसकट. सरकारी घर ही सवलत नसून नोकरीची अट आहे: घर फुकट, बदल्यात वेळेची हमी नाही. मध्यरात्री हाक आली की पाच मिनिटांत खाली. आपल्या पोलीस लाइनशी तुलना करायचा मोह होतो, पण लाइन ठाण्याची नसते. तिथे मुख्यालयातला, वाहतुकीतला, तिसऱ्याच ठाण्यातला असे सगळे शेजारी असतात. तिथे मात्र ज्या गावाचा बंदोबस्त करायचा त्याच गावात मुलं शाळेत जातात, बायको त्याच बेकरीत पाव घ्यायला उभी राहते. गावाला जांदार्म माहीत आणि जांदार्मला गाव माहीत, ही या दलाची खरी गुप्तवार्ता यंत्रणा होती.

‘होती’ असं जपून म्हणतो. ठाणी एकत्र बांधली गेली, पंधरा-वीस वर्षांत शेकडो छोटी ठाणी बंद झाली, माणसं दर काही वर्षांनी बदलत राहिली, आणि आता गस्तीवरचा जांदार्म गावातल्या म्हाताऱ्यांना नावाने ओळखेलच असं नाही. सरकारलाही ते उशिरा कळलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी २३८ नव्या ब्रिगेड उभारण्याची घोषणा केली. त्यांतल्या १४५ फिरत्या, म्हणजे गाडीच चौकी. आठवडी बाजारात किंवा गावच्या कचेरीसमोर उभी राहायची आणि तिथेच तक्रार घ्यायची. कल्पना चांगली आहे. पण गाडी संध्याकाळी निघून जाते आणि मुक्कामी ठाणं निघून जात नाही, हा फरक गावकरी विसरत नाहीत.

घरांचा दुसरा त्रास पैशांचा. अनेक ठाण्यांच्या इमारती स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा खाजगी मालकीच्या आहेत आणि दल भाडं भरतं. २०२४ च्या शरद ऋतूत तिजोरीत खडखडाट झाला आणि भाडी थकली, तेव्हा छोट्या गावांचे महापौर उघड नाराजी बोलून दाखवू लागले. सैनिकी दर्जाचं दल आणि घरमालकाकडे थकबाकी, हे ऐकून आपल्याकडचा कुठलाही एस्टाब्लिशमेंटचा क्लार्क ओळखीचं हसेल.

चोवीस तास उपलब्ध असण्याचा करारही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. संघटना काढायची बंदी, संपाची बंदी, आणि तरी डिसेंबर २००१ मध्ये जांदार्म गणवेशात, सरकारी गाड्या घेऊन रस्त्यावर उतरले. सैनिकांनी असं करणं फ्रान्समध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सरकारने कारवाई करायचं सोडून पैसे आणि साधनं दिली. २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मातेली खटल्यात फ्रान्सविरुद्ध निकाल दिला की सैनिकांना संघटना करायला सरसकट मनाई चालणार नाही. पुढच्याच वर्षी कायदा बदलून सैनिकांच्या व्यावसायिक संघटनांना वाट मिळाली, संपाला नाही. २०१६ पासून चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांतीचा नियम आला. माझं मत विचाराल तर नियम योग्य आहे. थकलेला पोलीस धोकादायक असतो, मग तो कुठल्याही देशाचा असो. पण माणसं न वाढवता विश्रांती वाढवली की रात्रीच्या गाड्या कमी होतात, आणि त्याची किंमत शेवटच्या गावाला मोजावी लागते.

मुलाखतीत तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल तो भाग पुढचा: या दलाला मालक तीन आहेत.

समजा एखाद्या गावात रस्त्याच्या प्रकल्पाविरुद्ध आंदोलन आहे आणि त्याच रात्री गावात खून झाला. बंदोबस्त किती, कुठे, केव्हा, हे प्रेफे ठरवतो. प्रेफे म्हणजे जिल्ह्यातला केंद्र सरकारचा प्रतिनिधी, साधारण आपले जिल्हाधिकारी, आणि तो गृहमंत्रालयाला जबाबदार. खुनाचा तपास मात्र सरकारी अभियोक्ता चालवतो आणि गंभीर प्रकरणात पुढे तपास न्यायाधीश नेमला जातो. तपास जांदार्मरीने करायचा की राष्ट्रीय पोलिसांनी, हेही अभियोक्ता निवडू शकतो. तपास अधिकारी त्या कामापुरता त्यालाच उत्तर देतो. कोठडी २४ तासांच्या पुढे वाढवायची तर त्याचीच परवानगी. कर्नलने ‘ही फाइल बाजूला ठेव’ असं सांगायची कायद्यात सोयच नाही. तिसरा मालक संरक्षण मंत्रालय: सैनिक म्हणून दर्जा आणि शिस्तीचे नियम, आणि लष्करी स्वरूपाची कामं.

२००९ पर्यंत हे दल संरक्षण मंत्रालयातच होतं. त्याआधी २००२ पासून सुरक्षेच्या कामापुरता वापर गृहमंत्र्यांच्या हातात गेला होता. ३ ऑगस्ट २००९ च्या कायद्याने अंदाजपत्रकासह दल गृहमंत्रालयात आलं, सैनिकी दर्जा तेवढा तसाच ठेवला. तेव्हा बऱ्याच निवृत्त जनरलांना वाटलं की आता पोलिसांत विलीनीकरण फार दूर नाही. अजून झालेलं नाही. खरेदी, हेलिकॉप्टर, प्रयोगशाळा असं बरंच एकमेकांशी जोडलं गेलंय, गणवेश वेगळेच आहेत. गोळीबाराचे नियमही आता सारखे आहेत. जांदार्मला पूर्वी सैनिक म्हणून पोलिसापेक्षा जास्त मोकळीक होती, २०१७ च्या कायद्याने दोघांना एकच कलम लावलं.

तीन मालकांची ही रचना कागदावर उत्तम दिसते. व्यवहारात मेख वेगळी आहे. कर्नल तपास थांबवू शकत नाही, पण तपासातली दोन माणसं उद्या सायकल शर्यतीच्या बंदोबस्ताला लावू शकतो. अभियोक्त्याला गुन्ह्याचा निकाल हवा असतो, प्रेफेला रस्ता मोकळा हवा असतो, आणि माणसं तीच असतात. हे ऐकून तुम्हाला आपल्याकडचा गणपती बंदोबस्त आणि प्रलंबित तपास आठवला तर ते साहजिक आहे. त्यांचं एक बरं की निदान तपासाचा मालक लेखी स्वरूपात वेगळा आहे.

आता ते ढाल-हेल्मेटवाले, म्हणजे फिरती जांदार्मरी. ती निर्माण का झाली ते माहीत असावं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संप मोडायला फ्रान्समध्ये सरळ सैन्य बोलावत. १ मे १८९१ ला फुरमी गावात सैनिकांनी कामगारांच्या जमावावर गोळ्या झाडल्या आणि नऊ माणसं मेली. १९०७ मध्ये दक्षिणेत द्राक्ष उत्पादकांचं आंदोलन पेटलं, तेव्हा १७ व्या पायदळ रेजिमेंटने बंड केलं, कारण सैनिक त्याच भागातल्या शेतकऱ्यांची पोरं होती. म्हणजे सैन्य एक तर जास्त मारतं किंवा अजिबात ऐकत नाही. १९२१ मध्ये यासाठी वेगळं, प्रशिक्षित दल उभं केलं. आज त्यात ११६ स्क्वाड्रन आहेत आणि एकेकात साधारण ११० माणसं. प्रशिक्षण सँ-आस्तिए इथे, चिलखती गाड्यांचा ताफा पॅरिसजवळ सातोरीला. राष्ट्रीय पोलिसांकडेही याच कामाचं सीआरएस नावाचं दल आहे, १९४४ साली उभारलेलं, ते मुलकी.

मित्रोव्हित्साच्या पुलाजवळ त्यांचं काम पाहताना एक गोष्ट मनात भरली: कुणीही एकटा काही करत नव्हता. ढाल पुढे करणं, अश्रुधूर, मागे सरणं, सगळं कॅप्टनच्या किंवा पलटण प्रमुखाच्या हुकमावर. जमावापासून अंतर राखायचं, इशारे द्यायचे, वेळ जाऊ द्यायचा. दगड लागूनही एखादा तरुण जांदार्म रांग सोडत नसे. एसआरपीएफमध्ये आम्हालाही हेच शिकवलं होतं. फरक एवढाच की त्यांना तेवढी माणसं आणि तेवढा वेळ मिळायचा.

तरीही शिस्त म्हणजे निर्दोष नव्हे. २६ ऑक्टोबर २०१४ च्या पहाटे सिव्हेंच्या धरणविरोधी आंदोलनात रेमी फ्रेस हा २१ वर्षांचा तरुण फिरत्या जांदार्मरीने टाकलेल्या ग्रेनेडने मेला. त्या प्रकारचे ग्रेनेड आधी थांबवले, नंतर कायमचे बंद केले. मार्च २०२३ मध्ये सेंत-सोलिनच्या शेततळ्यांवरून झालेल्या चकमकीनंतर हा वाद पुन्हा पेटला. ग्रामीण भागातली पर्यावरण आंदोलनं जांदार्मरीच्याच हद्दीत होतात, त्यामुळे हे ओझं पुढेही तिच्याच खांद्यावर राहणार.

समुद्रापारच्या प्रदेशांत चित्र आणखी वेगळं आहे. फ्रेंच गयानात जांदार्म लांब होड्यांतून नद्या चढतात आणि सैन्यासोबत बेकायदा सोन्याच्या खाणी उद्ध्वस्त करतात. ही आर्पी मोहीम २००८ पासून चालू आहे. पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियात तर ठाणं हेच लक्ष्य झालं होतं. २२ एप्रिल १९८८ ला उव्हेआ बेटावर स्वातंत्र्यवाद्यांनी ठाण्यावर हल्ला केला, चार जांदार्म मारले आणि उरलेल्यांना ओलीस धरलं. ५ मेच्या सुटकेच्या कारवाईत १९ कनाक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आणि २ सैनिक मेले. त्या कनाकांपैकी काहींना पकडल्यावर मारल्याचा आरोप आजही पुसला गेलेला नाही. सैनिकी दर्जाचं पोलीस दल मुख्य भूमीवर शेजारी वाटतं. जुन्या वसाहतीत तेच दल परक्या सत्तेचा चेहरा होतं. हे मी टीका म्हणून सांगत नाही, दोन्ही खरं आहे.

विशेष पथकांवर नोट्स पानंच्या पानं लिहितात, म्हणून मी थोडक्यात उरकतो. म्युनिक ऑलिंपिकच्या हत्याकांडानंतर उभं राहिलेलं आणि १९७४ पासून कामाला लागलेलं जीआयजीएन, म्हणजे दहशतवादविरोधी कमांडो पथक. २६ डिसेंबर १९९४ ला मारिन्यानच्या विमानतळावर एअर फ्रान्सच्या अपहृत विमानात शिरून त्यांनी प्रवासी सोडवले. पहारा आणि मानवंदनेसाठीचं रिपब्लिकन गार्ड, घोड्यांसकट. अण्वस्त्रांवर सरकारचं नियंत्रण राहावं म्हणून वेगळा विभाग, अणुवीज केंद्रांवर पथकं, सागरी आणि हवाई विभाग, आणि परदेशी तैनात सैन्यासोबत लष्करी पोलीस.

पर्वतीय पथकावर मात्र थांबायला हवं, कारण तिथे आपला संबंध येतो. एअर इंडियाची दोन विमानं आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळली: ३ नोव्हेंबर १९५० ला ‘मलबार प्रिन्सेस’, ४८ मृत्यू, आणि २४ जानेवारी १९६६ ला ‘कांचनजंगा’, ११७ मृत्यू. दुसऱ्या विमानात होमी भाभा होते. दोन्ही मुंबईहून निघाली होती. पहिल्या वेळी पायथ्याच्या शामोनी गावात सरकारी बचाव दल म्हणावं असं काही नव्हतं, गावचे वाटाडेच वर गेले आणि रने पायो हा वाटाड्या त्या शोधमोहिमेत जिवाला मुकला. १९५६ च्या डिसेंबरात व्हँसँदों आणि आंरी हे दोन तरुण गिर्यारोहक वर अडकले, सुटकेला गेलेलं हेलिकॉप्टर कोसळलं आणि दोघांना तिथेच सोडावं लागलं. देशभर गदारोळ झाला. त्यातून बचावाची जबाबदारी सरकारने उचलली आणि १९५८ मध्ये शामोनीत जांदार्मरीचं उंच पर्वतांसाठीचं पथक आलं. आज तिथे हेलिकॉप्टरने वाचवणारा, आणि कुणी मेलं तर त्याच जागी चौकशी सुरू करणारा, माणूस एकच असतो. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला माँ ब्लाँवरच्या हिमनदीत पाचू, नीलम, माणकं असलेली धातूची पेटी सापडली. ती ‘कांचनजंगा’तली असावी असं मानतात. त्याने ती नेऊन दिली जांदार्मरीकडे. वारस सापडले नाहीत, म्हणून २०२१ मध्ये अर्धे खडे त्याला आणि अर्धे शामोनी गावाला मिळाले.

मग दोन दलं कशाला, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता इतिहासात आहे. राजेशाहीत मारेशोसे नावाचं घोडदळ रस्त्यांवर चोर-दरोडेखोर आणि पळपुटे सैनिक धरायचं. १७२० मध्ये त्याच्या छोट्या तुकड्या देशभर ठरावीक ठिकाणी वसवल्या. क्रांतीने राजाची बहुतेक यंत्रणा मोडली, ही ठेवली आणि १६ फेब्रुवारी १७९१ ला नवं नाव दिलं. नेपोलियनने तिचा वापर सक्तीच्या भरतीतून पळणाऱ्यांना शोधायला केला, आणि त्याच्या फौजा जिथे गेल्या तिथे हा नमुना रुजला. इटलीचे काराबिनिएरी १८१४ चे, डच मारेशोसेही १८१४ चं. स्पेनची गार्दिया सिव्हिल १८४४ ची. शहरांत पोलीस बराच काळ नगरपालिकांचे होते. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने दहा हजारांवर वस्तीच्या शहरांतले पोलीस केंद्राकडे घेतले. आजच्या विभागणीचं मूळ तिथे आहे; १९९६ पासून ही रेषा साधारण वीस हजारांवर आहे.

व्हिशीचं नाव निघालं म्हणून तेही सांगतो. ज्यूंना पॅरिसजवळच्या ज्या द्रांसीच्या छावणीतून आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवलं गेलं, तिच्यावर पहारा फ्रेंच जांदार्मांचा होता. काही जांदार्म प्रतिकार चळवळीत गेले, मारले गेले. बहुसंख्यांनी हुकूम पाळला. सैनिकी आज्ञाधारकपणाचं कौतुक करताना हे पान वगळू नये. २०१८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या त्रेबच्या सुपरमार्केटमध्ये दहशतवाद्याने ओलीस धरलेल्या स्त्रीच्या जागी स्वतः जाऊन बसलेले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावलेले लेफ्टनंट कर्नल आर्नो बेल्त्राम याच दलाचे. दोन्ही याच दलाचा इतिहास आहे.

सगळ्यांनी हा नमुना टिकवलाही नाही. बेल्जियमने २००१ मध्ये जांदार्मरी मोडली. मुलींच्या अपहरणाच्या द्युत्रू प्रकरणात जांदार्मरी आणि न्यायिक पोलिसांनी एकमेकांपासून माहिती दडवल्याचं उघड झालं आणि लोक संतापले. ऑस्ट्रियाने २००५ मध्ये विलीनीकरण केलं. काराबिनिएरी मात्र २००० मध्ये स्वतंत्र सशस्त्र दल झाले, म्हणजे उलट दिशेने गेले. फ्रान्समध्येही दोन दलांत स्पर्धा आहे, काही वेळा फायद्याची, काही वेळा नुसती मानापमानाची. एका दलावर अवलंबून राहायला नको असं कुठल्याही फ्रेंच गृहमंत्र्याला मनातून वाटत असणार, हा माझा अंदाज.

आता भारत. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यांचा विषय आहे. केंद्राचं दल गावात ठाणं काढून गुन्हे नोंदवू लागलं तर कुठलंही राज्य, मग सत्ता कुणाचीही असो, ते मान्य करणार नाही, आणि फ्रान्ससारखी एककेंद्री रचना नसताना ते योग्यही नाही. दुहेरी मालकीचा विचार केला तर आसाम रायफल्स थोडी जवळ जाते: मोहिमेचं नियंत्रण लष्कराकडे, प्रशासन गृहमंत्रालयाकडे. पण तपास तिच्याकडेही नाही. तपास अधिकार, हद्द आणि सैनिकी दर्जा या तिन्ही गोष्टी एकत्र असलेलं दल आपल्याकडे एकही नाही. मुलाखतीत हे एक वाक्य नीट सांगता आलं तरी पुष्कळ.

कामाच्या ढंगाने ब्रिगेडच्या सगळ्यात जवळचं काही महाराष्ट्रात असेल तर ते गडचिरोलीतलं पोलीस मदत केंद्र. जंगलातल्या गावाजवळ तटबंदीतली मोजकी माणसं, सोबतीला एसआरपीएफ किंवा सीआरपीएफ, गरजेला सी-६० हे जिल्ह्याचं कमांडो पथक; आणि त्याच दारात ‘दादालोरा खिडकी’तून जातीचा दाखला, योजनांचे अर्ज, कागदपत्रं. नक्षलविरोधी गस्तही त्यांचीच आणि म्हातारीच्या पेन्शनचा अर्जही त्यांच्याच टेबलावर. फरक दोन. ती माणसं राज्याचे मुलकी पोलीस आहेत, आणि त्यांची कुटुंबं तिथे राहत नाहीत. बायका-मुलं गडचिरोलीत किंवा मूळ गावी, माणूस केंद्रावर, आणि नजर बदलीच्या आदेशावर. तिथे कुटुंबासाठी घरं, शाळेची सोय आणि खालच्या हुद्द्यांना तपासाचं प्रशिक्षण द्यायला घटना आडवी येत नाही.